चिनी सूपमधली सुकी मुळं आणि फळं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

चायनाटाउनमधल्या दुकानात पहिल्यांदा शिरलं की ‘सूप मिक्स’चं तयार पाकीट हाताला लागतं. आत आठ-दहा प्रकारच्या चकत्या, काड्या, बिया, सुकी फळं आणि मागे चिनी अक्षरांत कृती. माझं ऐका, सुरुवात त्या पाकिटाने करू नका. सूप बिघडेल म्हणून नाही, सूप बरंच होईल. पण कुठला गोडवा कशाचा, तो मातकट वास कुठल्या मुळाचा, हे कळणार नाही. एखादी गोष्ट आवडली नाही किंवा बाधली, तर पुढच्या वेळी नेमकं काय वगळायचं हेही समजणार नाही. जिन्नस सुटे घ्या, थोडेथोडे घ्या आणि एकेकाची ओळख करून घ्या.

इथे मी मुख्यतः ग्वांगदोंग प्रांत आणि हाँगकाँगकडच्या, म्हणजे कँटोनीज घरांतल्या पद्धतीबद्दल लिहिते आहे. सिंगापूर-मलेशियातल्या चिनी घरांतही थोड्याफार फरकाने हेच चालतं. हे रोजचं सूप आपल्या हॉटेलांतल्या मनचावसारखं नसतं. त्यात कॉर्नफ्लॉर नाही, परतलेला मसाला नाही. हाडं किंवा भाज्या, पाणी, चार-पाच सुके जिन्नस आणि मंद आच, एवढंच. रस्सा पातळ आणि नितळ असतो, आणि त्याची सगळी चव वेळातून येते.

अमुक उष्ण, तमुक थंड ही भाषा आपल्याला नवी नाही. कँटोनीज घरांतही हाच विचार चालतो. लाँगन आणि लाल बोरं गरम प्रकृतीची, लुओहानग्वो थंड, गोजी आणि ह्वाईशान मधल्या (या सगळ्यांची ओळख पुढे येते). उन्हाळ्यात एक सूप, थंडीत दुसरं, खोकला झाला की तिसरं. हे पारंपरिक ज्ञान म्हणून समजून घ्यावं आणि सूप जेवण म्हणून प्यावं. रोग बरा करायला प्यायचं असेल तर ती चिनी वैद्याची गोष्ट आहे, स्वयंपाकघराची नाही.

दुकानात

हाँगकाँगला असाल तर शेउंग वान भागातली को शिंग स्ट्रीट पाहाच. ती गल्लीच्या गल्ली काष्ठौषधींची आहे, पोती आणि काचेच्या बरण्या लावलेली. सिंगापूरला चायनाटाउनमध्ये अशी दुकानं आहेत, आणि नेहमीचे जिन्नस सुपरमार्केटमध्येही मिळतात. लंडन, टोरांटोसारख्या शहरांत चायनाटाउनमध्ये जा. भारतात कोलकात्याच्या टिरेटा बाजारात चिनी वाणसामानाची जुनी दुकानं आहेत. बाकी ठिकाणी गोजी आणि सुकी लाल बोरं सुक्या मेव्याच्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात.

वजनाकडे लक्ष ठेवा. हाँगकाँगच्या जुन्या दुकानांत भाव बहुधा ‘लियांग’वर लिहिलेला असतो. तिथला लियांग सुमारे 37.8 ग्रॅमचा, आणि असे 16 लियांग म्हणजे एक कॅटी, सुमारे 605 ग्रॅम. मुख्य भूमी चीनमध्ये मात्र लियांग 50 ग्रॅमचा आणि दहा लियांगची कॅटी 500 ग्रॅमची. पाटीवरचा आकडा किलोचा समजलात तर बिल बघून धक्का बसेल.

दुसरी सवय वास घ्यायची. मुळं आणि फळं पांढरी-तजेलदार दिसावीत, टिकावीत म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात. पाकीट उघडल्यावर नाकाला आंबूस, झोंबणारा वास आला, चकत्या कागदासारख्या पांढऱ्याशुभ्र असल्या किंवा गोजी भडक लालभडक असली, तर ठेवून द्या. चांगला सुका माल थोडा मळकट, फिकट पिवळसर, कमी-जास्त रंगाचाच असतो.

पहिले पाच जिन्नस

*लाल बोरं (होंगझाओ).* इंग्रजी पाकिटावर ‘रेड डेट्स’ लिहिलेलं असतं, म्हणून लोक खजूर किंवा खारीक घालतात. तसं करू नका. हे झाड आपल्या बोराच्या कुळातलं आहे, आणि त्याचं फळ सुकवलं की सुरकुतलेलं, गडद लाल, सफरचंदासारख्या हलक्या गोडीचं होतं. खजुराने सूपची मिठाई होते. फळ दाबून बघा. मऊ, गर भरलेला हवा. कँटोनीज बायका बी काढूनच घालतात, कारण बी उष्ण पडते अशी समजूत आहे. बी काढली की गोडवाही लवकर उतरतो. चार माणसांच्या सूपला सहा-सात बोरं पुरतात.

*गोजी (गोऊची).* लांबट, नारिंगी-लाल मनुका म्हणा. चीनमध्ये निंगशिया प्रदेशातल्या झोंगनिंगची नावाजलेली. एकच नियम: ही सगळ्यात शेवटी घालायची, आच बंद करण्याआधी पाच-दहा मिनिटं. सुरुवातीपासून उकळली तर फुटते आणि रस्सा आंबट-गढूळ होतो.

*ह्वाईशान.* हा कोनफळाच्या जातकुळीतला कंद. सोलून, वाळवून केलेल्या मळकट-पांढऱ्या, खडूसारख्या चकत्या मिळतात. नाव हेनान प्रांतातल्या जुन्या ह्वाईछिंग भागावरून आलं आहे. स्वतःची चव जवळजवळ नाही, पण रस्स्याला हलकं अंग येतं आणि शिजलेली चकती पिठूळ, खायला छान लागते. इथे फसवणूक होते, म्हणून नीट बघा. स्वस्त ह्वाईशानच्या नावाखाली साबुदाण्याच्या कंदाच्या चकत्या विकतात. चकतीच्या अगदी मधोमध दोऱ्यासारखी शीर किंवा भोक दिसलं, तर ती ह्वाईशान नाही. खरी चकती एकसारखी भरीव असते आणि बोटाला पांढरी पूड लागते.

*सुकं अंजीर.* हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, पण कँटोनीज सूपमध्ये अंजीर अगदी नेहमीचं आहे, खास करून भाज्यांच्या सूपमध्ये. चिनी दुकानातलं लहान आणि फिकट असतं. ते नसेल तर आपल्याकडे दोऱ्यात ओवून येतं ते अंजीर खुशाल वापरा. फक्त दोन-तीनच घाला.

*चेनपी.* मला या सगळ्यांत सर्वांत प्रिय. संत्र्याच्या कुळातल्या मँडरिन फळाची जुनी साल. ग्वांगदोंगमधल्या शिनहुई भागाची सर्वांत नाणावलेली. साल तीन पाकळ्यांत उलगडून वाळवतात आणि निदान तीन वर्षं जुनी झाल्याशिवाय तिला चेनपी म्हणत नाहीत. ताज्या सालीचा उग्र, तिखट वास तोपर्यंत जातो आणि त्याजागी औषधी, थोडा कापरासारखा, खोल सुगंध येतो. एक पाकळी वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. आतला पांढरा भाग फुगून वर येतो. साल पाटावर उताणी धरून सुरीच्या बोथट बाजूने तो खरवडून टाका, कारण कडवटपणा त्यातच असतो. खरवडलेली साल उजेडाकडे धरली की तेलाचे बारीक ठिपके आरपार दिसतात. सूपला नख्याएवढे दोन तुकडे बास. वीस वर्षं जुन्या चेनपीच्या मागे लागू नका. तिची किंमत भलतीच असते, वयाच्या बाबतीत फसवणूकही खूप होते, आणि सूपसाठी तीन ते पाच वर्षांची उत्तम.

आधी फक्त एक पेय

पातेलंभर सूप करण्याआधी हे करून बघा. सहा लाल बोरं बी काढून चिरा. दहा-बारा सुकी लाँगन घ्या. ही लिचीच्या कुळातली फळं, वाळली की गर तपकिरी आणि धुरकट गोड होतो. दोन्ही धुऊन एक लिटर पाण्यात घाला, आल्याच्या दोन चकत्या टाका, उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर पंचवीस मिनिटं. शेवटी चमचाभर गोजी, आणखी पाच मिनिटं. साखर घालू नका, लागत नाही. गरम प्या आणि फळं खाऊन टाका. थंडीच्या दिवसांत हे चिनी घरांत सर्रास होतं.

यातून बोराची, लाँगनची आणि गोजीची चव जिभेला वेगवेगळी कळते. मग पुढचं सोपं जातं.

सूप, पायरीपायरीने

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा मातीचं भांडं घ्या. ॲल्युमिनियम आणि लोखंड इथे नको. मातीचं भांडं असेल तर आच हळूहळू वाढवा आणि तापल्यावर गार पाणी ओतू नका, तडकेल.

पहिली पायरी, धुणं-भिजवणं. सगळं एकत्र भिजवू नका. ह्वाईशान अर्धा तास, चेनपी वीस मिनिटं, बोरं आणि अंजीर नुसते धुऊन, गोजी तर पाण्यातून एकदा काढली की पुरे. ज्या पाण्यात ह्वाईशान भिजवली ते फेकून द्या, धुरीचा अंश असलाच तर जातो.

दुसरी पायरी मांसाहारी सूपसाठी, आणि ही गाळायची नाही. अर्धा-पाऊण किलो गावठी कोंबडीचे मोठे तुकडे थंड पाण्यात घालून उकळी आणा. राखाडी मळी वर आली की दोन मिनिटांत पाणी ओतून द्या आणि तुकडे नळाखाली स्वच्छ धुवा. आपल्याला हे चव फेकून देण्यासारखं वाटतं, कारण आपण मटण-कोंबडी फोडणीवर परततो आणि मसाला वास मारतो. इथे मसाला नाही. ही मळी राहिली तर रस्सा गढूळ आणि उग्रट होतो.

शाकाहारी सूपसाठी ही पायरीच नको. मक्याची दोन कणसं तुकडे करून, दोन गाजरं मोठी चिरून, रात्रभर भिजवलेले मूठभर शेंगदाणे आणि मिळाली तर कमळकाकडी. मका-गाजर-अंजिराचं सूप कँटोनीज घरांत खरोखर होतं, ही काही आपण केलेली तडजोड नाही.

तिसरी पायरी: कोंबडी किंवा भाज्या, 25 ग्रॅम ह्वाईशान, सहा बोरं, दोन अंजिरं, चेनपी आणि दोन लिटर थंड पाणी. सगळं पाणी आत्ताच घाला. मोठ्या आचेवर उकळी आणून दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग आच अगदी लहान करा. पाण्यावर मधूनमधून एखादा बुडबुडा यावा, इतकीच. खळखळ उकळत ठेवलं तर रस्सा आटतो आणि पांढुरका होतो.

भाज्यांना सव्वा तास, कोंबडीला दीड, हाडांना दोन ते अडीच. ‘भांड्यात तीन तास, वाफेवर चार’ असं कँटोनीज लोक म्हणतात. घरी रोज तेवढं कोणी करत नाही आणि करायची गरजही नाही. पाणी कमी पडलंच तर उकळतं पाणीच घाला.

शेवटची दहा मिनिटं उरली की गोजी. आच बंद केल्यावर मीठ, तेही बेताने. आधी मीठ घातलं तर मांस चिवट होतं असं तिथल्या सगळ्या आज्या सांगतात. मी कारण वेगळं सांगेन: दीड तासात रस्सा किती आटेल याचा अंदाज नसतो, आणि आधी घातलेलं मीठ काढून घेता येत नाही.

कुकर चालतो. अर्धा तास मंद आचेवर, मग वाफ आपोआप जाऊ द्या. सुगंध थोडा कमी उतरतो, पण कामाच्या दिवशी काही न करण्यापेक्षा बरंच.

वाट्यांत आधी नुसता रस्सा वाढतात. तळाशी राहिलेलं मांस, मका, ह्वाईशान वेगळ्या ताटलीत काढून सोया सॉसबरोबर खातात. चेनपी आणि पुढे सांगितलेली काडीसारखी मुळं मात्र चघळायची नसतात.

मुळांकडे वळताना

वरचं सूप दोन-तीनदा जमलं की एका वेळी एकच मूळ वाढवा.

दांगशनने सुरुवात करा. पेन्सिलीएवढी, सुरकुतलेली, फिकट तपकिरी मुळं. चव गोडसर आणि मातकट. कोंबडीच्या सूपला 10 ते 15 ग्रॅम, बोटभर लांबीचे तुकडे करून. जिनसेंगच्या जागी पुष्कळ घरांत हेच घालतात, ते सौम्य आणि स्वस्त आहे म्हणून. त्यानंतर यूझू, पिवळसर पारदर्शक चकत्या, रस्स्याला बुळबुळीत नाही पण रेशमी गोडवा देतात. मग ह्वांगची. आइस्क्रीमच्या काडीसारखे लांब चपटे काप, मध्ये पिवळे, कडेला पांढरे, तोंडात धरलं तर कच्च्या हरभऱ्याची चव. 10 ग्रॅम पुरे; तंतुमय असतं, काढूनच टाकायचं.

दांगग्वेई सगळ्यांत शेवटी. गान्सू प्रांतातल्या मिनश्येन भागाचं प्रसिद्ध. हे ओवा, जिरं, बडीशेपेच्या कुळातलं मूळ, आणि बरणीचं झाकण उघडताच वास घरभर होतो: सेलरी, ओवा, वर थोडा धूर आणि कडवटपणा. एक पातळ चकती, फार तर 5 ग्रॅम. जास्त घातलंत तर सूपमध्ये दुसरं काहीच लागणार नाही.

बियांपैकी दोन आपल्या ओळखीच्या आहेत, पण वेगळ्या रूपात. मखाने ज्या पाणवनस्पतीचे, तिच्याच न फुलवलेल्या बिया चिनी लोक छिएनशी म्हणून सूपमध्ये घालतात. आपले फुललेले मखाने टाकले तर विरघळून लगदा होतो, ते वापरू नका. कमळबी सोललेली, पांढरी घ्या. पूजेच्या सामानात मिळणारा कमळगट्टा काळ्या टणक कवचासकट असतो. बी भिजली की दोन भाग करून आतला हिरवा कोंब काढा. तो एक जरी राहिला तरी घोट कडू लागतो. या दोन्ही बिया, ह्वाईशान आणि फूलिंग नावाची बुरशी मिळून तैवानचं ‘चार देवांचं सूप’ होतं. तिथे ते रस्त्यावरच्या गाड्यांवरही मिळतं.

उन्हाळ्यासाठी दोन पेयं

लुओहानग्वो, म्हणजे मंक फ्रूट, ग्वांगशी प्रदेशातल्या ग्वेईलिनच्या आसपास पिकतं. सुकलेलं फळ लिंबापेक्षा मोठं, गोल, तपकिरी आणि इतकं हलकं की आत काही आहे की नाही असं वाटतं. अंगठ्याने दाबलं की कवच चुरचुरत फुटतं. कवच, गर, बिया सगळं पाण्यात जातं. अर्ध्या फळाला दीड लिटर पाणी आणि अर्धा तास. साखरेचा कणही न घालता ते भरपूर गोड लागतं, कारण त्याच्या गोडीत साखरेपेक्षा मोग्रोसाइड या द्रव्यांचा वाटा मोठा आहे. गोडी जिभेवर रेंगाळते. ती पहिल्यांदा विचित्र वाटते. गार करून प्यायलं तर जास्त आवडेल.

दुसरं बीजिंगचं स्वानमेईथांग, आणि हे मराठी माणसाला आवडणारच. आपल्या कोकम सरबताच्या जागी तिथे हे असतं. वूमेई, म्हणजे धुरी देऊन काळी केलेली आंबट आलुबुखारसारखी फळं, 50 ग्रॅम. शानझा, म्हणजे हॉथॉर्न या आंबट फळाच्या सुक्या लाल-तपकिरी चकत्या 30 ग्रॅम. ज्येष्ठमधाचे दोन-तीन तुकडे. चेनपीची एक पाकळी. सगळं धुऊन अडीच लिटर पाण्यात अर्धा तास भिजवा, त्याच पाण्यात मंद आचेवर चाळीस मिनिटं उकळा, खडीसाखर 100 ग्रॅमच्या आसपास घाला, गाळा. सुकी ऑस्मँथसची फुलं मिळाली तर गाळल्यावर चिमूटभर. फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं. धुराचा वास पहिल्या घोटाला जाणवेल; तोच त्याचा जीव आहे, म्हणून वूमेईऐवजी साधे सुके आलुबुखार वापरू नका.

कोणी जपून राहावं

रक्त पातळ करणारी वॉरफरीनसारखी गोळी चालू असेल तर दांगग्वेई आणि गोजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन्हींचा त्या औषधावर परिणाम होतो. गरोदरपणात दांगग्वेई टाळा. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध वगळा. मधुमेह असेल तर बोरं, लाँगन, अंजीर यांत साखर आहे हे धरूनच चाला. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी तासन्‌तास उकळलेला मांसाचा रस्सा पिऊ नये, मग त्यात कुठलंही मूळ असो. सर्दी-ताप असताना दांगशन, ह्वांगची घालू नयेत असा कँटोनीज घरांतला नियम आहे, तो पाळायला सोपा आहे.

कडू जर्दाळूच्या बिया चिनी सूपमध्ये असतात, पण त्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. नवख्यांनी फक्त गोड बिया घ्याव्यात. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. ‘वूझीमाओथाओ’ नावाचं, नारळासारखा वास येणारं एक मूळ हाक्का लोकांच्या सूपमध्ये फार लोकप्रिय आहे. जंगलात त्याच्या जवळच गेल्सेमियम नावाची अतिशय विषारी वेल वाढते, तिची मुळं त्यात मिसळली जातात आणि हाँगकाँगमध्ये अशा सूपने विषबाधा झालेली आहे. ते कोणी डोंगरातून खणून आणलेलं, रस्त्यावर विकायला ठेवलेलं कधीही घेऊ नका.

साठवण

मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात हा माल बाहेर टिकत नाही. दांगशन, ह्वाईशान आणि कमळबीला किडे लागतात, गोजी चिकट-काळी पडते. हवाबंद काचेच्या बरण्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि बरणीवर जिन्नसाचं नाव आणि खरेदीचा महिना मराठीत लिहा. सगळ्या चकत्या काही दिवसांनी सारख्याच दिसायला लागतात. बोरं तीन-चार महिन्यांत संपवा. चेनपी मात्र फ्रिजमध्ये नको. ती कोरड्या, सावलीच्या जागी बरणीत ठेवायची आणि पावसाळा संपल्यावर एखाद्या कोरड्या दिवशी बाहेर काढून वारा लागू द्यायचा.